काँक्रीटचा माल दर वेळी कमी पडतो नाहीतर उरतो? या क्रमाने तपासा

घरचं छोटं काम म्हणजे पार्किंगचा कोबा, कंपाउंडच्या भिंतीचा पाया, गोठ्यातली जमीन, जिन्याखालचा चौथरा, मोटारीचं फाउंडेशन. अशा कामात माल कमी पडल्याची तक्रार मी वर्षानुवर्षं ऐकतोय आणि निस्तरतोय. बहुतेक वेळा घरमालक सप्लायरवर चिडलेला असतो, मिस्त्री घरमालकाच्या मापावर, आणि खरं कारण दोघांच्या पायाखाली असतं. म्हणून आधी लक्षण ओळखा. माल कसा कमी पडला यावरून कुठे बघायचं ते निम्मं कळतं.

लक्षणं

सिमेंट, वाळू, खडी तिन्ही एकदमच संपलं आणि साधारण दोन तृतीयांश काम झालं, उरलेलं तसंच. इथे हिशोबात सुक्या मालाचा वाढावा धरलेला नाही, दुसरं कारण क्वचितच निघतं.

तिन्ही एकदम संपलं पण थोडंच राहिलं, म्हणजे शेवटचे दोनतीन फूट. जाडी कागदावर एक आणि जागेवर दुसरी आहे.

सिमेंट संपलं, वाळू-खडीचा ढीग शिल्लक. घमेली कमी भरली जातायत किंवा खडी मोजताना मध्येच एखादं घमेलं सुटतंय.

वाळू-खडी संपली, काम अपुरं, सिमेंटच्या गोण्या शिल्लक. ट्रॉली मोजून घेतली नव्हती.

काम पूर्ण झालं आणि वर दोनतीन गोण्या सिमेंट उरलं. यावर लोक खूश होतात, पैसे वाचले म्हणतात. माझ्या मते हेच सगळ्यात वाईट लक्षण आहे कारण याचा अर्थ बहुतेक वेळा असा की घमेली शिगेची भरली, मालात सिमेंट कमी पडलं, आणि वर्षभरात तो कोबा खरवडायला लागतो. कमी पडलेला माल निदान दिसतो तरी, हे दिसतच नाही.

आता तपासणी. फुकटातली आधी, खर्चाची नंतर.

इंचाचं फूट नीट केलंय का

कागद-पेन घ्या आणि हिशोब परत वाचा, दोन मिनिटांचं काम आहे. ४ इंच म्हणजे ०.४ फूट नाही, ०.३३ फूट. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर लोक सर्रास ०.४ टाकतात आणि तिथेच २० टक्के माल जास्त येतो. ३ इंच म्हणजे ०.२५, ५ इंच म्हणजे ०.४२, ६ इंच म्हणजे ०.५. तसंच लांबीचं, १० फूट ६ इंच म्हणजे १०.५, १०.६ नाही. आणि १० फूट १० इंच कोणी १०.१० लिहिलं तर ते कॅल्क्युलेटरला १०.१ वाटतं, खरं माप १०.८३ आहे. एका बाजूने माल वाढतो, दुसऱ्या बाजूने घटतो, आणि दोन्ही चुका एकाच कागदावर असल्या की तो हिशोब कुठे फसलाय हे शोधणं फार जड जातं. सगळी मापं एकतर फुटात करा नाहीतर मीटरमध्ये, मध्येच मिसळू नका.

गोल खड्डे असतील, खांबांचे वगैरे, तर व्यास आणि त्रिज्या यात गोंधळ होतो. १ फूट व्यासाचा २ फूट खोल खड्डा साधारण १.५७ घनफुटाचा असतो. व्यासच त्रिज्या म्हणून टाकला तर चौपट येतो.

सुक्या मालाचा वाढावा

हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. तयार काँक्रीट १०० घनफूट हवं असेल तर सिमेंट, वाळू, खडी मिळून सुका माल साधारण १५४ घनफूट लागतो. कारण खडीच्या मधल्या पोकळीत वाळू जाऊन बसते, वाळूच्या पोकळीत सिमेंट, आणि पाणी घालून ठोकलं की सगळं खाली बसतं. म्हणून घनफळाला १.५४ ने गुणायचं. हा आकडा नसला की १०० चा माल आणून ६५ चं काम होतं, वरचं पहिलं लक्षण तेच.

एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो. पार्किंग २० फूट बाय १२ फूट, जाडी ४ इंच. २४० गुणिले ०.३३३ म्हणजे ८० घनफूट तयार काँक्रीट. १:२:४ चा माल (एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी) धरला तर सुका माल १२३ घनफूट, त्याचे ७ भाग. सिमेंट एक भाग म्हणजे १७.६ घनफूट. ५० किलोची गोणी साधारण ३५ लिटर भरते म्हणजे सव्वा घनफुटाला जरा कमी, तर गोण्या आल्या सव्वाचौदाच्या आसपास, १५ मागवा. वाळू ३५ घनफूट, खडी ७०. ब्रास म्हणजे १०० घनफूट, त्यामुळे अर्धा ब्रास वाळू आणि पाऊण ब्रास खडी सांगितली की सांडलवंड धरून पुरते.

ज्यांना एवढं करायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी एक ब्रास तयार काँक्रीटचे आकडे: १:२:४ ला १८ गोण्या, ४४ घनफूट वाळू, ८८ घनफूट खडी. १:१.५:३ ला, म्हणजे आरसीसीच्या (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) एम २० प्रतीला, जवळजवळ २३ गोण्या, ४२ वाळू, ८४ खडी. पीसीसीला (बिनसळईच्या साध्या काँक्रीटला) १:३:६ चालत असेल तर १३ गोण्या, ४६ वाळू, ९२ खडी. हे वहीत लिहून ठेवा.

जाडी जागेवर मोजा, कागदावर नाही

इथे जरा थांबतो कारण निम्म्याहून जास्त भानगडी इथेच असतात. पार्किंगचं उदाहरण घ्या. ४ इंच जाडी ठरली, पण मुरूम टाकून वरवर सपाट केलेली जागा सरासरी एक इंच खाली असेल तर जाडी ५ इंच झाली, ८० चे १०० घनफूट झाले, म्हणजे साडेतीन गोण्या जास्त आणि त्यासोबत वाळू-खडीसुद्धा. एक इंच डोळ्याला दिसत नाही. बूट घालून त्यावरून चाललात तर कळतही नाही.

मोजायचं असं. चारही कोपऱ्यात खुंट्या ठोका, लेव्हल पाईपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) वरची पातळी खुंट्यांवर मारून घ्या, पार्किंग असेल तर पाणी वाहून जाईल असा उतार आताच धरा, आणि खुंटी ते खुंटी सुतळी ताणून बांधा. सुतळी ढिली राहिली तर मध्ये अर्धा इंच झोळ पडतो आणि तुमचं मापच चुकतं, म्हणून लांब अंतर असेल तर मध्ये एक खुंटी द्या. मग टेप घेऊन दर तीन-चार फुटांवर सुतळीपासून जमिनीपर्यंत मोजत जा आणि प्रत्येक आकडा तिथल्या तिथे लिहा. ४, साडेचार, ५, पावणेपाच, ४, साडेपाच, असे आकडे येतील. त्यांची सरासरी हीच तुमची खरी जाडी, हिशोब तिच्यावर करायचा. मिस्त्री म्हणेल "काही नाही हो दादा, सपाट आहे", तरी मोजा.

सरासरी जास्त आली तर दोन रस्ते आहेत. मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मस करून परत पातळी आणा, किंवा जास्तीचं काँक्रीट मागवा. पहिला रस्ता कायम स्वस्त पडतो.

दगडी सोलिंगवर (खाली रचलेल्या डबराच्या थरावर) काँक्रीट टाकताय? मग अजून एक तपासा. डबराच्या मधल्या फटी मुरमाने आणि पाण्याने भरून घेतल्या नसतील तर काँक्रीट त्या फटीत उतरत राहतं आणि वरून सुतळी मोजली तरी हिशोब लागत नाही. लोखंडी सळई घेऊन दगडांच्या मध्ये खुपसून बघा, सहज आत गेली तर फटी रिकाम्या आहेत. पायाच्या चरीचंही तसंच. दीड फूट रुंद सांगितलेली चर खणताना कडा ढासळून पावणेदोन फूट होते, तो १७ टक्के जास्तीचा माल झाला. चर खणून झाल्यावर परत टेप लावा, सांगितलेल्या मापावर जाऊ नका.

घमेलं

साईटवर मोजणी घमेल्याने होते आणि घमेली सगळी सारखी नसतात. कोणाचं १० लिटरचं, कोणाचं १५ चं, शीग धरली तर अजून जास्त. "एका गोणीला सहा वाळू, बारा खडी" हे प्रमाण तुम्ही ऐकलं असेल. घमेलं १२ लिटरचं आणि सपाट भरलं तर ते बरोबर १:२:४ येतं, ७२ लिटर वाळू आणि १४४ लिटर खडी, गोणी ३५ लिटर. तेच घमेलं शीग लावून १५ लिटर भरलं तर वाळू ९० आणि खडी १८०, म्हणजे प्रमाण जवळजवळ १:२.६:५ झालं. मिस्त्रीने काही मुद्दाम केलेलं नसतं, मजूर बदलला तरी भरायची पद्धत बदलते.

तपासायला एक लिटरची पाण्याची बाटली पुरते. घमेलं सपाट जागी ठेवा, बाटलीने मोजत काठापर्यंत पाणी भरा, किती बाटल्या बसल्या ते घमेल्याच्या बाहेर ऑइलपेंटने लिहून टाका. त्याहून चांगलं म्हणजे लाकडी फरमा. ४० बाय ३५ सेंमी आणि २५ सेंमी उंच पेटी आतून बरोबर ३५ लिटरची होते, म्हणजे एक फरमा बरोबर एक गोणी. १:२:४ ला दोन फरमे वाळू, चार फरमे खडी, वरून पट्टीने सपाट करून. कुठल्याही सुताराकडे जुन्या फळ्यांत होऊन जातो आणि घमेल्याचा वादच मिटतो.

ओली वाळू फुगते

पावसाळ्यात काम असेल किंवा वाळू पाणी मारून आलेली असेल तर हे करा. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून लांब राहतात, आणि घनफळ २० ते ३० टक्के वाढलेलं दिसतं, बारीक वाळूत त्याहूनही जास्त. पूर्ण बुडाली की परत खाली बसते. म्हणजे घमेल्यात वाळू दिसते भरपूर पण खरी वाळू कमी. मग माल खरखरीत होतो, खडी वर दिसते, मिस्त्री सिमेंट वाढवायला सांगतो, आणि एका गोणीत जेवढं अंतर जायला हवं तेवढं जात नाही. रात्रीच्या पावसाने ढीग भिजून बसला की "वाळू चोरीला गेली" हा संशयही इथूनच निघतो.

चाचणी सोपी आहे. सरळ बाजूंचा एक डबा घ्या, त्यात दोन तृतीयांशपर्यंत ओलसर वाळू सैल टाका, दाबू नका, सपाट करून पट्टी खुपसून उंची मोजा. समजा १५ सेंमी आली. वाळू बाहेर काढा, डबा अर्धा पाण्याने भरा, निम्मी वाळू आत टाकून सळईने नीट ठोका, मग उरलेली टाका, परत ठोका, सपाट करून मोजा. समजा १२ सेंमी आली. १५ भागिले १२ म्हणजे १.२५, फुगवटा २५ टक्के. त्या दिवशी वाळू २५ टक्के जास्त घ्यायची, ७० लिटरच्या जागी ८७. आणि त्याच वेळी वरून घालायचं पाणी कमी करायचं कारण वाळूतच पाणी आहे.

ट्रॉली

सप्लायरला बोल लावण्याआधी वरचं सगळं झालेलं असू द्या. ट्रॉली मोजायची ती रिकामी करायच्या आधी, एकदा ढीग पडला की मोजमापाचा वाद संपत नाही. आतली लांबी, आतली रुंदी, पत्र्याची जाडी सोडून, आणि उंची नुसती मध्यभागी न मोजता चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी सळई खुपसून. मध्ये डोंगर आणि कोपरे खाली असं भरलेलं असतं बऱ्याचदा. ९ बाय साडेपाच फुटाची ट्रॉली २ फूट सपाट भरली तर ९९ घनफूट, म्हणजे एक ब्रास. तीच पावणेदोन फूट भरली तर ८६.६ च. तीन इंचात १२ घनफूट गेले. ड्रायव्हरसमोर मोजा, भांडायची गरज पडत नाही, दोघांनाही आकडा दिसतो.

जवळ वजनकाटा असेल तर पावती मागा. एक ब्रास वाळू किंवा खडी साधारण सव्वाचार ते साडेचार टनांच्या आसपास जाते, वाळू ओली असेल तर त्यात पाण्याचंही वजन आहे हे लक्षात ठेवा.

काम चालू असताना पाव भागाला थांबून बघा

ही तपासणी सगळ्यात उपयोगाची. १:२:४ च्या एका गोणीतून साधारण ५.६ घनफूट तयार काँक्रीट निघतं. ४ इंच जाडीला ते १७ चौरस फूट होतं, ३ इंचाला २२. एम २० च्या गोणीतून ४.४ घनफूट, म्हणजे ४ इंचाला १३ चौरस फूट.

मघाच्या १२ फूट रुंद पार्किंगमध्ये एक गोणी म्हणजे लांबीत १ फूट ५ इंच. काम सुरू व्हायच्या आधी बाजूच्या फळीवर खडूने ५ फूट ८ इंचांवर खूण करा, चौथी गोणी संपली की माल तिथे पोचायला हवा. साडेचार फुटांवरच अडकला असेल तर जाडी जास्त जातेय, तिथेच सुतळी परत मोजा. ७ फूट गेला असेल तर आनंद नको, जाडी कमी पडतेय किंवा घमेली शिगेची चाललीत. पाव कामात कळलं तर उरलेला माल मागवायला वेळ असतो. शेवटच्या दोन फुटांवर कळलं तर दुकान बंद आणि मिक्सरचं भाडं चालू.

माल कमी पडतोय दिसल्यावर पाणी वाढवून तो पसरवायचा मोह होतो. अजिबात करू नका. बांधकामाच्या मानकात, म्हणजे आयएस ४५६ मध्ये, ठरावीक प्रमाणाने केलेल्या एम १५ ला (म्हणजे १:२:४ ला) गोणीमागे ३२ लिटर आणि एम २० ला ३० लिटर पाण्याची मर्यादा दिलीय. त्याच्या वर घातलेलं पाणी नंतर वर येतं आणि उडून जातं, मागे पोकळी आणि भुसभुशीत थर राहतो. आधीच आळलेल्या मालात पाणी घालून परत कालवणं हेही त्यातच आलं. त्यापेक्षा जमिनीवरचा कोबा असेल तर सरळ रेषेत फळी आडवी लावून तिथेच कड बंद करा, पार्किंगसारख्या जागेला तसेही ८-१० फुटांवर सांधे लागतातच, दुसऱ्या दिवशी तिथून पुढे चालू करा. वेडीवाकडी उतरती कड सोडून घरी जाऊ नका, तिथेच तडा येतो.

आणि उरलेल्या गोण्या पुढच्या कामाला ठेवल्या असतील तर तीन महिन्यांनी त्यांच्यावर हिशोब धरू नका. दमट जागेत सिमेंटची ताकद उतरते, गोणी तितकीच दिसते.

इथे थांबा आणि इंजिनिअरला बोलवा

वरचं सगळं जमिनीवर टेकलेल्या साध्या काँक्रीटसाठी आहे. ज्याच्या खाली पोकळी आहे किंवा ज्याच्यावर वजन लटकणार आहे त्याचा हिशोब घरी करायचा नाही. स्लॅब, छज्जा, बाल्कनी, कॉलम, बीम, सेप्टिक टाकी, माती अडवणारी भिंत, टाकीचा स्टँड. १००० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच एक टन असतं. इथे प्रश्न किती गोण्या एवढाच नसतो, सळई किती आणि कुठे हा असतो, आणि तो चुकला तर माणूस जातो.

स्लॅब चालू असताना माल संपला तर मनाने कुठेही थांबू नका. लगेच इंजिनिअरला फोन करा, सांधा कुठे सोडायचा ते तो सांगेल, आणि तोपर्यंत झालेली कड झाकून ओली ठेवा. स्लॅबमध्ये हिशोबापेक्षा माल जास्त जातोय असं दिसलं तर आधी लोकांना खालून बाहेर काढा आणि मग बाहेरूनच सेंट्रिंग (स्लॅब पेलणारे टेकू आणि प्लेटा) बघा, प्लेटा खाली बसत असतील तर जाडी आपोआप वाढत असते आणि ते माल मागवून सुटणारं नाही. ओतणं तिथेच बंद, सेंट्रिंगवाला आणि इंजिनिअर आल्याशिवाय कोणी खाली जायचं नाही.

काळी माती असेल तरीसुद्धा बोलवा. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, मुरूम कितीही टाकला तरी खाली बसत राहतो आणि तुमची जाडी दर वेळी चुकते. भरावावर काम असेल, पाणी मारल्यावर जमीन दोनतीन वेळा परत खचली असेल, तर माल मोजणं बंद करा, आधी खाली काय आहे ते जाणकाराला बघू द्या. त्याला बोलवाल तेव्हा सुतळीने घेतलेली मापं, ट्रॉलीची मापं आणि किती गोण्यात किती फूट काम गेलं ते लिहिलेला कागद हातात ठेवा. त्या कागदावरून त्याला दहा मिनिटांत अंदाज येतो, नाहीतर तो परत सगळं पहिल्यापासून मोजत बसेल.